फांदी मोडली खरी, पण कावळा कोणता? २०१५-१६ चा एल निनो आणि वरच्या हवेतली उलथापालथ

सिंगापूरहून रोज हवामानाचे फुगे आकाशात सोडले जातात. फुग्याखाली लोंबणारं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहतं. तीसएक किलोमीटरवर फुगा फुटतो आणि काम संपतं. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे, त्यामुळे उष्ण कटिबंधाच्या वरच्या हवेत काय चाललंय हे विचारायचं झालं की अभ्यासक आधी इथल्या नोंदी उघडतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये या नोंदींनी सगळ्यांना कोड्यात टाकलं. सुमारे २२ किलोमीटर उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहत असायला हवा होता, तो पूर्वेकडून वाहू लागला होता. त्याच्या वर पश्चिमेचा वारा, खाली पश्चिमेचा वारा, आणि मधोमध उलट दिशेच्या वाऱ्याची पातळ चकती.

१९५३ पासून या वाऱ्यांच्या सलग नोंदी आहेत. आधी प्रशांत महासागरातलं कँटन बेट, मग मालदीवमधलं गान, नंतर सिंगापूर, अशी ठाणी बदलत गेली, पण साखळी तुटली नाही. त्या सहा दशकांत असं एकदाही घडलं नव्हतं.

नेमक्या त्याच हिवाळ्यात प्रशांत महासागरात नोंदींतल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक ठाण मांडून बसला होता. साहजिकच बोटं त्याच्याकडे वळली. हे प्रकरण मी निवडलं ते याच कारणाने. ‘समुद्र तापला म्हणून वरची हवा बिघडली’ हे वाक्य दिसायला सोपं आणि पेलायला फार अवघड आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढं सगळ्यांना दिसलं. कावळ्याच्या वजनाने मोडली का, हा खरा प्रश्न.

चुकलेलं घड्याळ

हवामानाच्या भाषेत वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव मिळतं. पश्चिमी वारा पूर्वेकडे जातो, पूर्वीय वारा पश्चिमेकडे. विषुववृत्ताच्या वर साधारण १६ ते ५० किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे स्थितांबरात, हे दोन वारे आळीपाळीने राज्य करतात. एक फेरी पुरी व्हायला सरासरी २८ महिने लागतात. नवा वारा नेहमी माथ्यावर उगवतो आणि महिन्याला साधारण एक किलोमीटर या गतीने खाली उतरत जातो. तळाशी पोचलेला जुना वारा विरतो, तोवर माथ्यावर पुढचा पाहुणा आलेला असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला क्यूबीओ म्हणतात. मराठीत ‘जवळपास द्वैवार्षिक आंदोलन’ म्हणता येईल, पण ते म्हणून होईपर्यंत वारा फिरायचा, तेव्हा क्यूबीओच बरं.

याचा शोध लागला तोही अर्धवट पुराव्यांच्या भांडणातून. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याची राख विषुववृत्ताला समांतर, पूर्वेकडून पश्चिमेकडे जात, सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आली. चाळीस हजार किलोमीटर चौदा दिवसांत, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. तेव्हा लोकांनी धरून चाललं की वर कायम पूर्वीय वारा असतो. १९०८ मध्ये जर्मन हवामानतज्ज्ञ आर्थर बेर्सन यांनी पूर्व आफ्रिकेत फुगे सोडले, तर वरचा वारा पश्चिमेकडून येताना दिसला. दोन्ही निरीक्षणं बरोबर होती. फक्त दोघांनी घड्याळाकडे वेगवेगळ्या वेळी पाहिलं होतं. ते घड्याळ आहे हे कळायला पुढची पन्नास वर्षं गेली. १९६० च्या आसपास अमेरिकेत रिचर्ड रीड आणि ब्रिटनमध्ये आर. ए. एब्डन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, फुग्यांच्या नोंदी काळाच्या क्रमाने लावल्या आणि आळीपाळी समोर आली.

पण २८ महिने हा आकडा आला कुठून? सूर्याच्या कोणत्याही फेरीत तो नाही, ऋतूंत नाही. १९६८ आणि १९७२ मध्ये रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी दिलेलं उत्तर मला आजही वातावरणशास्त्रातलं सर्वांत देखणं उत्तर वाटतं. उष्ण कटिबंधातले मेघ उसळताना भोवतालची हवा हलवतात, आणि त्या हलण्यातून हवेतच लाटा उठतात. काही पूर्वेकडे धावतात, काही पश्चिमेकडे, आणि दोन्ही वर चढतात. प्रत्येक लाट आपल्याबरोबर थोडा संवेग वाहून नेते. वाटेत आपल्याच दिशेने, जवळपास आपल्याच वेगाने जाणारा वारा भेटला की ती लाट तिथेच जिरते आणि आपला संवेग त्या वाऱ्याला देऊन टाकते. म्हणजे पश्चिमी वारा पूर्वेकडे जाणाऱ्या लाटा आपल्या खालच्या काठावर गिळतो. त्यामुळे तो काठ आणखी खाली सरकतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या लाटांना मात्र तो वाट देतो. त्या वर जाऊन जिरतात आणि तिथे पूर्वीय वारा जन्माला घालतात. प्रत्येक राजा आपल्या शत्रूचा वारस स्वतःच्याच डोक्यावर वाढवत असतो.

हे खरंच असं चालतं का, हे १९७८ मध्ये प्लम्ब आणि मॅक्इवन यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. हातातल्या कड्यासारखी गोल टाकी, तिच्यात खाली जड आणि वर हलकं असं मिठाचं पाणी, आणि एक हलणारा पडदा. पडदा फक्त जागच्या जागी वरखाली होत होता, त्याला डावं-उजवं काही नव्हतं. तरी पाणी आधी एका दिशेने गोल फिरू लागलं, मग थांबलं, मग उलट फिरू लागलं, आणि हे चालूच राहिलं. टाकीत सूर्य नव्हता, ऋतू नव्हते, समुद्रही नव्हता. फक्त लाटा होत्या.

या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. खालचा समुद्र वरच्या हवेशी बोलतो तो उष्णतेच्या भाषेत फारसा नाही. तापलेल्या पाण्याची ऊब स्वतः २२ किलोमीटरवर पोचत नाही, शंभर किलोमीटरवर तर नाहीच. पोचतात त्या लाटा. आणि कोणती लाट किती वर जाईल हे ठरवणारा दरवान म्हणजे वाटेतला वारा, जो स्वतः अशाच लाटांवर जगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये या दरवानालाच कोणीतरी बाजूने ढकललं.

समुद्राची बाजू

एल निनो बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागराचं गरम पाणी पश्चिमेकडे, इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतात आणि मोठे पाऊसही तिकडेच पडतात. एल निनोत हे वारे मंदावतात, गरम पाणी मध्य आणि पूर्व प्रशांताकडे पसरतं, आणि त्याच्यामागोमाग मेघांचा बाजार तिकडे उठून जातो. मध्य प्रशांतातल्या ठरावीक चौकोनाचं तीन महिन्यांचं सरासरी तापमान नेहमीपेक्षा अर्धा अंश वर राहू लागलं की नोंद घेतली जाते. २०१५ च्या अखेरीस ते सुमारे २.६ अंश वर होतं. १९९७-९८ चा एल निनो याच्या बरोबरीचा.

इतक्या मोठ्या हालचालीचे वरच्या हवेत काही ठरलेले परिणाम होतात. उष्ण कटिबंधाचं तपांबर, म्हणजे स्थितांबराच्या खालचा, ढग-पावसाचा थर, तापतं आणि त्याच्या कडेने धावणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, जोर धरतो. त्याच्या वरच्या थरात हवा नेहमीपेक्षा वेगाने वर खेचली जाते. वर जाणारी हवा पसरते आणि गार होते, त्यामुळे खाली ऊब आणि लगेच वर गारवा असं उलटं चित्र दिसतं. खालून येणाऱ्या हवेत ओझोन कमी असल्यामुळे तिथला ओझोनही घटतो. आणि तिसरं, उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात पर्वतांमुळे आणि जमीन-पाण्याच्या तापमानभेदामुळे उठणाऱ्या हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा, ज्यांना रॉस्बी लाटा म्हणतात, त्या प्रबळ होतात. त्या स्थितांबरात चढून ध्रुवाभोवतीच्या थंड वाऱ्याच्या भोवऱ्याला धक्के देतात, म्हणून एल निनोच्या हिवाळ्यात हा भोवरा सहसा कमकुवत असतो.

‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. कारण २०१५-१६ मध्ये पहिलाच साक्षीदार फितूर झाला. त्या हिवाळ्याच्या पूर्वार्धात उत्तर ध्रुवाचा भोवरा कमकुवत होण्याऐवजी विलक्षण बळकट आणि थंड होता. मोडला तो मार्चच्या सुरुवातीला, आणि तेव्हा मात्र कायमचाच मोडला, उन्हाळ्यापर्यंत परत सावरला नाही. ठरलेल्या परिणामांची यादी हातात धरून कुणी त्या हिवाळ्याचं भाकीत केलं असतं, तर तोंडघशी पडला असता. एका घटनेवरून नियम काढू नये हे आपण नेहमी ऐकतो. उलटंही तितकंच खरं, की नियमावरून एका घटनेचा निकाल लावू नये.

फेब्रुवारीत काय झालं

२०१५ च्या अखेरीस विषुववृत्तावरच्या स्थितांबराच्या खालच्या भागात पश्चिमी वारा होता, आणि त्याच्या वर पूर्वीय वारा उतरायच्या तयारीत. घड्याळ बरोबर चाललं होतं. नेहमीच्या हिशेबाने २०१६ मध्ये तो पूर्वीय वारा सावकाश खाली यायचा आणि २०१६-१७ चा हिवाळा पूर्वीय अवस्थेत जायचा.

हे गणित हवामानखात्यांच्या दृष्टीने सोन्यासारखं असतं. पाऊस दोन आठवड्यांपुढे सांगता येत नाही, पण क्यूबीओ कित्येक महिने आधी सांगता येतो, आणि त्याची अवस्था उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यावर थोडीफार छाप टाकते. म्हणून त्या वर्षीचा धक्का जास्त बसला. काही महिने आधी चालवलेल्या दीर्घ मुदतीच्या भाकितांत या घटनेचा मागमूस नव्हता.

झालं असं. रॉस्बी लाटांचा एक स्वभाव आहे: त्या पश्चिमी वाऱ्यातून पुढे जातात, पूर्वीय वाऱ्याशी आल्या की अडतात. विषुववृत्तावर पूर्वीय वारा असेल तर उत्तरेकडून येणाऱ्या लाटांना दार बंद. त्या हिवाळ्यात तिथे पश्चिमी वारा होता, म्हणजे दार उघडं होतं. तरी दार उघडं असणं नवीन नव्हे, दर दोन-तीन वर्षांनी ते उघडंच असतं. एरवी या लाटा विषुववृत्तापर्यंत येण्याआधीच, उपोष्ण पट्ट्यात, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या कडेला, किनाऱ्यावरच्या लाटांसारख्या फुटून जातात. २०१६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा फार मोठा लोंढा सुमारे २२ किलोमीटरच्या अरुंद थरातून थेट विषुववृत्तावर येऊन जिरला. रॉस्बी लाट जिरते तेव्हा ती वाऱ्याला पश्चिमेकडे ढकलते. पश्चिमी वाऱ्याच्या पोटात, नेमक्या मध्यावर, हा ढकल बसला. काही आठवड्यांत तिथला वारा थांबला आणि उलटा वाहू लागला.

एकदा ती चकती तयार झाल्यावर पुढचं काम नेहमीच्या यंत्रणेनेच केलं. खालून येणाऱ्या, पश्चिमेकडे धावणाऱ्या लाटांना आता मध्येच आपल्या दिशेचा वारा मिळाला. त्या तिथेच जिरू लागल्या आणि चकती जाड होत खाली पसरली. वर उरलेला पश्चिमी वारा, ज्याने खाली यायचं होतं, तो उलट वर सरकला. आंदोलनाच्या नोंदींचा रंगीत आलेख पाहिला तर दशकानुदशकं तिरप्या उतरणाऱ्या पट्ट्यांच्या कापडात २०१६ ला एक गाठ दिसते. वर्षाच्या उत्तरार्धात पश्चिमी वारा पुन्हा उतरू लागला आणि कापडाची वीण पूर्ववत झाली, पण अख्खी एक पूर्वीय पाळी अर्ध्यावर गेली. २०१६-१७ चा हिवाळा पूर्वीय अवस्थेत जाणार होता, तो पश्चिमी अवस्थेत गेला. स्कॉट ऑस्प्रे आणि सहकाऱ्यांचा या घटनेवरचा शोधनिबंध त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘सायन्स’मध्ये आला. घटनेनंतर सात महिन्यांत. इतकी घाई या क्षेत्रात सहसा होत नाही.

या उलथापालथीचे ओरखडे वायूंच्या नोंदींतही सापडतात. २०१५ च्या अखेरीस एल निनोच्या उंच मेघांनी बर्फाचे कण वरपर्यंत नेले आणि उष्ण कटिबंधाच्या स्थितांबराच्या तळाशी बाष्प बरंच वाढलं. पुढच्या वर्षभरात, वारा उलटल्यावर, ते झपाट्याने घटलं. एकाच जागी, एकाच वर्षात, एक हात समुद्राचा आणि दुसरा वाऱ्याचा.

मग दोष कोणाचा?

एल निनोवर खापर फोडणाऱ्यांची बाजू कमजोर नाही. मोठ्या एल निनोत उपोष्ण पट्ट्यातले वारे बदलतात, जेट प्रवाह सरकतो, आणि उत्तरेकडच्या लाटांना विषुववृत्ताकडे येण्याची वाट मोकळी होऊ शकते. विषुववृत्तावर हवा वेगाने वर चढत असल्याने पश्चिमी वाऱ्याचं उतरणंही रेंगाळतं, म्हणजे दार जास्त वेळ उघडं राहतं. कारणांची साखळी जुळते.

पण साखळी जुळणं आणि गुन्हा सिद्ध होणं यांत फरक आहे. सोपी उलटतपासणी करून पाहू. १९८२-८३ आणि १९९७-९८ हे दोन्ही एल निनो दांडगे होते. दोन्ही वेळा क्यूबीओ आपल्या चालीने चालत राहिला. म्हणजे मोठा एल निनो असला की घड्याळ बिघडतंच असं नाही. आता उलट बाजू. २०१९-२० मध्ये हेच पुन्हा घडलं, जवळपास त्याच उंचीवर, पुन्हा पश्चिमी अवस्थेतच. त्या हिवाळ्यात एल निनोच नव्हता. त्या वेळी संशयित दक्षिण गोलार्धातला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये अंटार्क्टिकावरचं स्थितांबर अचानक तापलं होतं, तिथे हे फार क्वचित होतं, आणि त्या वेळच्या प्रबळ लाटांनी विषुववृत्तावरचा वारा आधीच पोखरून ठेवला होता. उत्तरेकडच्या लाटांनी नंतर उरलेलं काम केलं.

म्हणजे एल निनो पुरेसा नाही आणि आवश्यकही नाही. इथे काही जण निष्कर्षाला येऊन थांबतात: समुद्राचा संबंध नाही. मला हा निष्कर्षही घाईचा वाटतो. फांदी कुजलेली असेल तर कावळाही पुरतो, आणि वाराही पुरतो. २०१६ मध्ये फांदी कमकुवत करण्यात समुद्राचा हात होता असं मानायला जागा आहे. शेवटचा धक्का मात्र उत्तरेकडून आला, आणि त्यात त्या हिवाळ्याची लहर बरीच होती. टक्केवारीत वाटा मागणाऱ्यांना हे उत्तर आवडणार नाही. पण एकदाच घडलेल्या गोष्टीची टक्केवारी ही संगणकावरच्या प्रतिकृतींच्या आत मिळते, आकाशात नाही.

शंभर किलोमीटरवर

इथवरची गोष्ट बरीच चर्चिली गेली. तिच्या वरच्या मजल्यावर काय झालं याकडे तुलनेने कमी लोकांचं लक्ष गेलं, आणि माझ्या मते समुद्राचा खरा ठसा तिथे जास्त स्वच्छ दिसतो.

वर चढताना हवा विरळ होत जाते. शंभर किलोमीटरवर ती जमिनीजवळच्या हवेपेक्षा दहा लाखपटींहून अधिक विरळ असते. लाटेची ऊर्जा तीच, पण हलवायची हवा थोडी, त्यामुळे लाट फुगत जाते. वाटेत कुठे जिरली नाही तर खाली सेंटिमीटरमध्ये मोजावा लागणारा वेग वर दहा-वीस मीटर प्रतिसेकंद होतो. या उंचीवर राज्य करतात त्या वातावरणाच्या भरती-ओहोटी. समुद्राच्या भरतीसारखी चंद्राची ओढ यात नगण्य असते, हा सगळा सूर्याचा खेळ. दिवसा हवा तापते, रात्री निवते, आणि त्या २४ तासांच्या श्वासातून लाटा उठतात. मुख्य भरती सूर्याच्या मागे मागे पश्चिमेकडे फिरते. तिचा मोठा स्रोत म्हणजे तपांबरातली वाफ, जी सूर्यप्रकाशातला काही भाग थेट शोषते. म्हणून वाफेचं वाटप बदललं की भरती बदलते, आणि एल निनो वाफेचं वाटप बदलण्यात पटाईत.

दुसरा स्रोत आहे पावसाचा. ढगात वाफेचं पाणी होताना सुप्त उष्णता सुटते. इथे एक बारकावा आहे. भरतीला पाऊस किती पडला याच्याशी देणंघेणं नाही, तो घड्याळ पाळून पडला का याच्याशी आहे. जमिनीवर, विशेषतः आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि इंडोनेशियाच्या बेटांवर, दुपार-संध्याकाळचा पाऊस ठरलेला असतो. खुल्या समुद्रावरचा पाऊस मात्र रात्रंदिवस कधीही पडतो. एल निनोत मेघ बेटांवरून उठून खुल्या समुद्रावर जातात. पाऊस तेवढाच राहिला तरी त्याची शिस्त जाते. ला निनात, म्हणजे एल निनोच्या विरुद्ध अवस्थेत, बेटांवर गर्दी होते. २०१०-११ च्या ला निनात उपग्रहांच्या नोंदींवर केलेल्या अभ्यासात पावसातून जन्मणारी, पूर्वेकडे धावणारी अशी एक भरती स्पष्टपणे वाढलेली दिसली, तर त्याआधीच्या २००९-१० च्या एल निनोत तेवढं ठळक काही आढळलं नाही. म्हणजे समुद्राचा ‘गरम’ काळ तो वरच्या हवेत ‘जोराचा’ काळ, हे समीकरण सरसकट लागू नाही.

तरीही सूर्यामागे धावणाऱ्या मुख्य भरतीची गोष्ट वेगळी निघाली. १९९७ च्या उत्तरार्धात प्रशांतातल्या बेटांवरच्या रडारनी मध्यांबरात, म्हणजे स्थितांबराच्या वरच्या थरात, ही भरती बळावल्याचं टिपलं होतं. २०१५ च्या एल निनोतही विषुववृत्तावर शंभरेक किलोमीटरच्या आसपास ती फुगलेली आढळली. दोन दांडगे एल निनो, अठरा वर्षांचं अंतर, आणि एकाच बाजूचा कौल. प्रतिकृतींमध्येही एल निनो-ला निनाच्या चक्रामुळे या उंचीवरच्या भरतींत १० ते ३० टक्क्यांची चढउतार दिसते.

इथे पुन्हा दरवान आडवा येतो. क्यूबीओ पश्चिमी अवस्थेत असेल तर ही मुख्य भरती एरवीही जोरात असते, हे आधीपासून माहीत आहे. २०१५ च्या अखेरीस काय होतं? एल निनोही होता आणि पश्चिमी अवस्थाही होती. दोघांची पावलं एकाच वाळूत, एकावर एक. आणि फेब्रुवारीनंतर दरवानाचीच अवस्था दर थरात वेगळी झाल्यावर ‘या महिन्यात क्यूबीओ कोणता?’ या प्रश्नालाच सरळ उत्तर राहिलं नाही. एकच निर्देशांक घेऊन सांख्यिकी मांडणाऱ्यांची त्या वर्षी मोठी पंचाईत झाली असणार.

मोजमापाचीही एक अडचण सांगायलाच हवी. या उंचीवर फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. त्यामुळे दुरून पाहणाऱ्या उपग्रहांवर भिस्त ठेवावी लागते. त्यातला सर्वांत कष्टाळू म्हणजे २००१ च्या डिसेंबरमध्ये सोडलेला टाइम्ड, आणि त्यावरचं सेबर हे तापमान मोजणारं उपकरण. पण त्याच्या कक्षेमुळे दिवसाचे सगळे प्रहर पाहून व्हायला त्याला ६० दिवस लागतात. भरती २४ तासांची आणि तिचं चित्र दोन महिन्यांत पुरं होणारं. काही आठवड्यांत घडलेल्या गोष्टी अशा चित्रात पुसट होतात.

त्याहून वर

भरतीची लाट शंभर-दीडशे किलोमीटरवर पोचली की ती नुसती हवा हलवत नाही. इथल्या हवेत विद्युतभारित कण असतात. वारा त्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून आडवं ओढतो आणि विद्युतक्षेत्र तयार होतं, सायकलच्या डायनॅमोसारखं. हे क्षेत्र चुंबकीय रेषांच्या आधाराने वर, तीनशेएक किलोमीटरच्या आयनांबरापर्यंत पोचतं आणि दिवसा तिथल्या कणांना उचलून धरतं. मग ते कण कारंज्यासारखे रेषांवरून घरंगळत चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पंधराएक अंशांवर जमा होतात. जीपीएसच्या लहरी याच गर्दीतून येतात आणि थोड्या रेंगाळतात, म्हणून हा निव्वळ अभ्यासकांच्या हौसेचा विषय नाही.

समुद्र-जमिनीचा नकाशा इतक्या वर उमटतो याचा पहिला झणझणीत पुरावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. इमेज या उपग्रहाने अतिनील प्रकाशात टिपलेल्या या दोन पट्ट्यांवर पृथ्वीभोवती चार उंचवटे होते. चारच का? पावसातून उठणाऱ्या त्या पूर्वगामी भरतीला तीन शिखरं असतात. ती पूर्वेकडे जाते, सूर्य पश्चिमेकडे. एकाच स्थानिक वेळेवर बसून पाहणाऱ्याला तीनात एक मिळवून चार दिसतात. पाऊस कोणत्या खंडांवर घड्याळ पाळून पडतो, याची छाप आयनांबरावर, मध्ये तीनशे किलोमीटरची हवा असताना.

मग २०१५-१६ च्या एल निनोने त्या छापेत काय बदल केला? इथे मात्र तिसरा खेळाडू मैदान व्यापतो. सौरचक्राचा, म्हणजे सूर्याच्या साधारण अकरा वर्षांच्या चढउताराचा, कळस एप्रिल २०१४ मध्ये होऊन गेला होता आणि २०१५-१६ मध्ये सूर्य उतरणीला लागला होता. वरचं आयनांबर सूर्याच्या अतिनील किरणांवर जगतं, त्यामुळे त्याची घनता त्या उतरणीबरोबर घसरत होती. शिवाय मार्च २०१५ मध्ये त्या चक्रातलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ आलं. अशा गोंगाटात भरतीतल्या दहा-वीस टक्क्यांच्या फरकाचा आवाज वेगळा काढायचा म्हणजे ढोलताशांच्या पथकात तंबोरा ऐकण्यासारखं. तंबोरा वाजत असतो, याबद्दल आता फारसा वाद नाही. त्या विशिष्ट संध्याकाळी तो किती मोठ्याने वाजत होता, एवढंच सांगणं कठीण. म्हणून अभ्यासक सूर्य शांत असलेली वर्षं निवडतात, किंवा प्रतिकृतीत सूर्य गोठवून फक्त समुद्र बदलतात.

२०२३-२४ मध्ये प्रशांत महासागराने पुन्हा संधी दिली. मध्य प्रशांतात दोन अंशांच्या आसपास तापलेला, चांगला जोरदार एल निनो. त्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरचं स्थितांबर दोनदा एकाएकी तापलं, जानेवारीत आणि मार्चमध्ये, म्हणजे लाटांची कमतरता नव्हती. पण क्यूबीओ पूर्वीय अवस्थेत होता, दार बंद होतं, आणि विषुववृत्तावरचा वारा ठरल्याप्रमाणे महिन्याला एक किलोमीटर या चालीने उतरत राहिला. वरच्या मजल्यावर काय झालं ते ऐकायला पुन्हा अडचण आली. सूर्य नव्या चक्राच्या कळसाजवळ होता, आणि मे २०२४ मध्ये त्याने दोन दशकांतलं सर्वांत मोठं वादळ पाठवलं.